मुंढ्याची गोलाई

इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने संगणकाच्या विषयावर मत द्यावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. ज्यांना माझे म्हणणे पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात माझे खंडन जरूर करावे. पण त्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती आहे.

प्रश्न असा की, संगणकावर स्वतःचा एखादा प्रोग्रॅम करायचा आणि त्यात वळणदार, गुळगुळीत रेषा काढायच्या, तर कोणती टूलकिट निवडावी? टूलकिट म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी सांगते. पडद्यावरची खिडकी, बटण, माहिती भरायची चौकट, चित्र काढायची पाटी या गोष्टी प्रत्येकाने मुळापासून घडवायच्या म्हटल्या तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून त्या कोणीतरी आधीच तयार करून ठेवलेल्या असतात. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या डब्यात हूक, बटणे, रिळे, बॉबिन हाताशी असतात, तसा हा संच. असे संच पुष्कळ आहेत, आणि आमच्या संगणकाच्या खोलीत त्यांच्यावरून वाद चालतात ते क्रिकेटवरून चालतात तसेच, म्हणजे बहुधा स्वतः न खेळता.

माझे मत आधीच सांगून टाकते. रेषा नुसती बघायची असेल तर कोणतीही टूलकिट चालेल. त्या रेषेवरून काही कापायचे असेल, तर जी टूलकिट रेषेची लांबी सांगू शकते आणि ती रेषा कागदावर मापात उतरवू शकते, तीच घ्यावी. हे मत मला पुस्तकाने दिलेले नाही. ते आईच्या शिलाई मशीनपाशी बसून मिळाले आहे, आणि मिळताना माझी चांगलीच फजिती झाली आहे.

वडील बाजार समितीत हमाली करतात. आई घरी ब्लाउज शिवते. दोघांच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दुसऱ्या विद्याशाखेतला एक विषय घ्यायचा होता. मैत्रिणींनी वाणिज्यातला घेतला, मी पायथन घेतला. का घेतला, असे घरी विचारले तेव्हा, 'पुढे उपयोग होईल,' असे मोघम उत्तर दिले. आई म्हणाली, "मग माझा मुंढा काढून दे त्याच्यावर." ती थट्टेत म्हणाली होती.

मुंढा म्हणजे खांद्याच्या टोकापासून काखेपर्यंत उतरणारी गोलाई. ज्यांनी कधी ब्लाउज शिवलेला नाही (लेखाचे निम्मे वाचक याच वर्गातले असणार), त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ब्लाउजमध्ये सगळे सोपे, मुंढा अवघड. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल कापतात, कारण माणसाचा हात पुढे जातो. त्या गोलाईवर बाहीच्या माथ्याची गोलाई येऊन बसते. बाहीची गोलाई किंचित जास्त लागते. कमी पडली तर हात वर करताना काखेत ओढते, फार जास्त झाली तर खांद्यावर चुण्या पडतात. म्हणजे दोन वेगवेगळ्या आकाराच्या वाकड्या रेषांची लांबी एकमेकींशी जुळवायची! आई ती कशी मोजते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. ती टेप कापडावर आडवी पसरत नाही. टेप काठावर उभी धरते आणि मुंग्यांची रांग चालावी तशी गोलाईवरून पुढे सरकवीत नेते. आडवी टेप वळत नाही, उभी वळते.

आईच्या गिऱ्हाइकांची मापे एका जुन्या वहीत असतात. त्यावरून ती वर्तमानपत्राच्या कागदाचे खाके कापते. वही फाटली आहे, खाक्यांच्या घड्यांवर चिरा गेल्या आहेत, आणि दर लग्नसराईत एखादा खाका हरवतो. मी ठरवले की मापे टाकली की मुंढा काढून देणारा प्रोग्रॅम करायचा.

विज्ञान शाखेतल्या एका मित्राला विचारले. तो म्हणाला, "टीकिंटर घे. पायथनबरोबर फुकट येते. रेषेला स्मूथ म्हणून सांगितले की झाले." टीकिंटर ही टीके नावाच्या टूलकिटची पायथनमधली गाठ. ही टीके अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी केली, म्हणजे तीस वर्षांहून जुनी वस्तू. जुनी म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. माझी पहिली खिडकी, पहिले बटण तिच्यावरच उघडले, आणि ज्या दिवशी पडद्यावर पहिली वळणदार रेषा उमटली त्या दिवशी मला घरी जायला उशीर झाला, तरी बोलणी खाल्ल्याचे काही वाटले नाही.

मी तीन बिंदू दिले होते. आईच्या पद्धतीप्रमाणे एक कोपरा धरला. कोपऱ्यापासून सरळ वर ७ इंचांवर खांद्याचे टोक, आडवे अडीच इंचांवर काखेचे टोक, आणि कोपऱ्यापासून तिरके १ इंच आत मधली खूण. या तीन खुणांवरून आई खडूने गोलाई ओढते. मी संगणकाला हेच तीन बिंदू दिले आणि स्मूथ म्हटले. रेषा गोड आली. छापून घरी नेली. आईने तो कागद आपल्या खाक्यावर ठेवला आणि हसली. "दिसायला चांगली आहे गं. पण ह्यात हात कुठं घालायचा?"

रेषा मधल्या खुणेला शिवलीच नव्हती. सुमारे पाऊण इंच लांबून निघून गेली होती. कापडाचा जो खड्डा काढून टाकायचा तो तसाच राहिला होता. असला ब्लाउज घातला तर बाई हात वर करू शकणार नाही.

दोन दिवस मला वाटले की माझ्या बेरीज-वजाबाकीत चूक आहे. चूक तिथे नव्हती. टीकेला तीन बिंदू देऊन स्मूथ म्हटले की पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेवर येतात; मधला नुसता रेषेला आपल्याकडे ओढतो. तो रेषेवरचा बिंदू नसतो. सतरंजी दोन टोकांना दाबून धरावी आणि मध्ये कोणी बाजूने ओढावी, तसे. ओढणारा एकीकडे, घडी दुसरीकडे. हे माझ्या मित्रालाही ठाऊक नव्हते, कारण त्याने त्या रेषेवरून कधी काही कापले नव्हते. त्याच्या पडद्यावर ती सुंदर दिसे, आणि विषय संपे.

मग मी या रेषांच्या मुळाशी गेले, आणि तिथे मला जी हकीकत सापडली ती माझ्या इतिहासाच्या पेपरातही शोभली असती. या रेषांना बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे फ्रान्समधल्या रेनो मोटार कारखान्यातले अभियंता. १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्यांच्या गोलाया यंत्राला नेमक्या सांगता याव्यात म्हणून त्यांनी या वक्रांची पद्धत बसवली. पण त्यांच्याही आधी, १९५९ मध्ये, सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कारखान्यात पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने तीच गोष्ट शोधली होती. सित्रोएनने ती गुपित म्हणून ठेवली. बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केले, म्हणून नाव त्यांचे लागले. द कास्तेल्जो २०२२ मध्ये वारले. त्यांचे नाव आज त्या रेषा काढायच्या रीतीला आहे, रेषेला नाही. पत्रा कापणाऱ्यांनी शोधलेली ही रेषा चित्रे काढणाऱ्यांनी उचलली, आणि आता आपण वाचतो त्या छापील अक्षरांच्या गोलायासुद्धा तिनेच काढलेल्या असतात. मला मात्र बरे वाटले ते याचे की ती मुळात कापण्यासाठीच जन्माला आली. म्हणजे आई आणि रेनोचे अभियंते एकाच अडचणीत होते. कापड काय, पत्रा काय!

द कास्तेल्जोंची रीत इतकी सोपी आहे की मी ती आईला वर्तमानपत्रावर पट्टीने करून दाखवली. दोन टोके आणि ओढणारा बिंदू घ्या. टोकापासून ओढणाऱ्या बिंदूपर्यंत दोन सरळ रेषा होतात. दोन्हींचे मध्य काढा. ते मध्य जोडा. त्या जोडरेषेचा मध्य म्हणजे वक्रावरचा बिंदू. आता वक्राचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करा. चार-पाच वेळा अर्धे-अर्धे करीत गेले की तुकडे इतके लहान होतात की ते सरळच मानले तरी चालतात. त्यांच्या लांब्यांची बेरीज करा. वक्राची लांबी मिळाली. आई म्हणाली, "म्हणजे टेप सरकवायचीच की." अगदी तसेच. संगणकाची टेप फक्त बारीक आहे.

इथे निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. टीके आपली गुळगुळीत रेषा पडद्यावर काढते ती सरळ तुकड्यांचीच. न सांगितल्यास एका वळणाला बारा तुकडे. ते हवे तर वाढवता येतात. पण रेषेची लांबी विचारली तर ती सांगत नाही. ती आपण वेगळी काढायची. छपाईलाही ती रेषा पोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रकारात बाहेर काढते, त्याचे पीडीएफ आपण करायचे. हे सगळे जमते, मी करूनही पाहिले; पण मग टूलकिटने आपल्यासाठी केले काय?

दुसरी एक अडचण अशी निघाली की तिचा उल्लेख मला कोणत्याच वादात ऐकू आला नव्हता. आमच्या खोलीतल्या काही जुन्या यंत्रांवर सरांनी लिनक्स बसवले आहे, आणि कला शाखेच्या मुलीच्या वाट्याला तीच येतात. त्या यंत्रांवर टीकेची ८.६ ही आवृत्ती आहे. बटणावर 'शिलाई' असे लिहिले तर पहिली वेलांटी श च्या मागे जाऊन उभी राहिली. 'ग्राहक' मधला ग्र फुटून ग चा पाय मोडला आणि र वेगळा पडला. देवनागरीतली अक्षरे एकमेकांत मिसळून नवा आकार घेतात, हे त्या बिचारीला ठाऊकच नाही. इंग्रजीतून प्रोग्रॅम करणाऱ्याला हे आयुष्यभर कळणार नाही. पण माझा प्रोग्रॅम वापरणार आई, आणि तिची वही मराठीत आहे. फुटक्या अक्षरांचा प्रोग्रॅम मी तिच्यासमोर कोणत्या तोंडाने ठेवू?

म्हणून मी जीटीके आणि क्यूटी या दोघींकडे वळले. जीटीके ही गिंप या चित्रकामाच्या प्रोग्रॅमसाठी अमेरिकन विद्यार्थ्यांनी केलेली टूलकिट. विद्यार्थ्यांनी, हे मुद्दाम सांगते. तिच्यात कैरो नावाचे रेषा काढणारे साधन वापरता येते. कैरोची रेषा स्वच्छ असते, कडा गुळगुळीत असतात, पीडीएफ थेट होते, मराठी अक्षरे जागच्या जागी बसतात. कैरो लांबी मात्र सांगत नाही. वक्राचे सरळ तुकडे हातात देते, बेरीज आपली. लांबी मोजायची सोय जीटीकेत २०२४ मध्ये ४.१४ या आवृत्तीत आली. लिनक्सवर ही टूलकिट उत्तम. विंडोजवर बसवताना मात्र निम्मा दिवस जातो, आणि आईच्या ओळखीत ज्यांच्याकडे संगणक आहे त्या सर्वांकडे विंडोजच आहे.

क्यूटी नॉर्वेतली. दोघा मित्रांनी १९९१ मध्ये सुरू केली, १९९५ मध्ये लोकांपुढे आणली. पायथनमधून ती पायसाइड या नावाने वापरता येते. तिच्यात रेषा ही नुसता रंग म्हणून राहत नाही, वस्तू म्हणून राहते. क्यूपेंटरपाथ असे तिचे नाव. त्या वस्तूला विचारले, तुझी लांबी किती, तर सांगते. निम्म्या लांबीवर कोणता बिंदू येतो, तर सांगते. तिथे रेषा किती तिरपी आहे, तेही सांगते. हे वाचले तेव्हा मी टेबलावर हात आपटला आणि शेजारच्या मुलाचा चहा सांडला. बाहीच्या माथ्यावर खूण करायला आईला नेमका असाच बिंदू लागतो!

क्यूटीतली माझी पहिली रेषा मात्र पायऱ्यापायऱ्यांची, ओबडधोबड आली. मित्र खूष झाला. "बघ, तुझ्या क्यूटीचा काय उपयोग?" नंतर कळले की कडा गुळगुळीत करायच्या तर तसे तिला एका ओळीत सांगावे लागते, न सांगितल्यास ती करीत नाही. कडेच्या ठिपक्यांना थोडा फिकट रंग देऊन डोळ्याला फसवायचे, एवढाच तो गुळगुळीतपणा. आमच्या खोलीतले निम्मे वाद या फिकट ठिपक्यांवरून होतात. कात्रीला त्यांचे काही देणेघेणे नाही.

मधल्या खुणेचा प्रश्न मी असा सोडवला. खुणेपाशी वक्राचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही तुकड्यांचे ओढणारे बिंदू खुणेच्या दोन बाजूंना एकाच सरळ रेषेत ठेवले. ते एका रेषेत नसले की सांध्यावर कोन पडतो. आता रेषा खुणेतून जाते आणि कोनही पडत नाही. पुढचा मुंढा, मागचा मुंढा, बाहीचा माथा, तिन्हींच्या लांब्या पडद्यावर मराठीत येतात, आणि बाही किती जास्त आहे तो आकडा खाली येतो.

छापताना पुन्हा फजिती झाली. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ छापली तर मुंढा अर्ध्या इंचाने आखूड. मी क्यूटीला दोष देऊन मोकळी झाले होते, पण दोष छापण्याच्या वेळी निवडलेल्या 'पानात बसवा' या पर्यायाचा होता. तो सगळे चित्र थोडे आवळतो. आता मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ४ इंचांचा चौकोन छापते. आई आधी त्याच्यावर टेप लावते, मग खाक्याला हात घालते. शेवटी तिने छापील मुंढ्यावर टेप उभी धरून फिरवली. तिच्या मापात आणि पडद्यावरच्या आकड्यात एका सुताचाही फरक नव्हता. ती काही बोलली नाही. कागद घडी घालून वहीत ठेवला.

क्यूटीवर आक्षेप आहेत, ते लपवीत नाही. ती अवजड आहे. बसवताना शेकडो एमबी उतरवून घ्यावे लागतात, आणि ज्यांच्याकडे फोनचाच डेटा आहे त्यांना ते परवडत नाही. तिची सहावी आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि आपल्या खोलीत अजून तशी यंत्रे आहेत. ज्याला आलेख काढून दाखवायचा आहे, खेळ करायचा आहे, त्याने खुशाल टीकिंटर वापरावे. माझे भांडण नाही. कोणी असेही विचारील की कपड्यांचे खाके काढणारा व्हॅलेंटिना नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळत असताना हा उद्योग कशाला? तो मी पाहिला आहे, चांगला आहे. आणि तोही क्यूटीवरच केलेला आहे, हे विचारणाऱ्याच्या लक्षात आणून देते. कापणाऱ्यांनी काय निवडले ते पाहावे! पण त्यात आईची रीत नाही. 'छातीचा चौथा भाग, त्यात माया अर्धा इंच' अशी तिची भाषा आहे, आणि मला ती तशीच ठेवायची आहे.

आता थोडे प्राध्यापकवर्गासाठी. संगणकाच्या खोलीत मी जास्त वेळ मागितला तेव्हा मला, 'बी. ए.ला याचे काय काम?' असे विचारण्यात आले. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. यंत्रे थोडी आहेत आणि विज्ञानवाल्यांची प्रात्यक्षिके असतात. पण कला शाखेच्या वर्गात कुणाचे वडील सुतार आहेत, कुणाची आई विणकाम करते, कुणी कुंभाराच्या घरचे आहे. कोणती गोलाई कुठे किती हवी, हे त्यांच्या घरात शाळेशिवाय ठाऊक आहे. टूलकिट निवडताना मला जे प्रश्न पडले ते संगणकशास्त्राच्या मुलांना पडले नाहीत, याला माझी हुशारी कारण नाही. त्यांच्या घरी मुंढा कापत नाहीत, एवढेच. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती खोली आम्हाला उघडी ठेवावी. लिनक्सची जुनी यंत्रे दिली तरी चालतील.

प्रोग्रॅम अजून अपुरा आहे. कटोरीला मी हातच लावलेला नाही. तिथे दोन गोलाया एकमेकींच्या उलट बाजूला वळतात आणि तरीही काठाला काठ लावून शिवायच्या असतात. परवा आईने कटोरीचा खाका माझ्यापुढे टाकला आणि विचारले, "ही तुझ्या मशीनला कधी जमणार?" मी म्हटले, दिवाळीनंतर. ती म्हणाली, "दिवाळीनंतर लग्नं सुरू होतात. त्याच्या आधी बघ."